कोणाला, कधी आणि कुठल्या भाषेत: मुलांना बोलायला शिकवताना

"माननीय अध्यक्ष महोदय, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती." मुंबईतल्या कुठल्याही मराठी शाळेतल्या पोराला हे झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, आणि ते म्हणून होईपर्यंत मागच्या बाकांवर डबे उघडायला सुरुवात झालेली असते. पोरांचा काही दोष नाही हो, आपणच तसं शिकवतो. विषय द्यायचा, भाषण लिहून द्यायचं (आईने लिहिलेलं असतं ते वाचल्या वाचल्या कळतं), पाठ करून घ्यायचं, दोन-तीन हातवारे बसवायचे, झालं वक्तृत्व. समोर कोण बसलंय, याआधी कोण बोलून गेलं, लोकांना भूक लागलीये का, ह्याच्याशी त्या भाषणाचा काडीचा संबंध नसतो.

मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते आणि वर्गात करता करता जे जमलं ते इथे लिहितेय, तुमच्या वर्गाला झेपेल तेवढं घ्या. मुळात एकच गोष्ट पाळायची, "काय बोलायचं" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी कोणाला, मग कधी, मग कुठल्या भाषेत. मुद्दे, सुविचार, कवितेच्या ओळी वगैरे नंतर, आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीनांची उत्तरं नीट आली की सुविचारांची गरजच पडत नाही.

सुरुवात पाण्यापासून

फळ्यावर एक वाक्य लिहा, "पाणी जपून वापरा". सगळ्या वर्गाला हेच. आता दोन डबे घ्या. एकात माणसांच्या चिठ्ठ्या: सोसायटीचे सेक्रेटरी काका, रोज पाईप लावून गाड्या धुणारा माणूस, गच्चीवर क्रिकेट खेळून टाकीच्या नळाला तोंड लावणारी पोरं, वस्तीत सार्वजनिक नळावर हंडा घेऊन उभी असलेली मावशी, वॉर्ड ऑफिसमधले साहेब. दुसऱ्यात वेळा: जूनचा पहिला आठवडा, जेव्हा पाऊस लांबलाय आणि पेपरात रोज सात तलावांत किती साठा उरला ते छापून येतंय. ऑगस्ट, तुळशी आणि विहार भरून वाहिल्याची बातमी आलेली आहे. पहाटेची पाणी यायची वेळ. जनरल मीटिंगचा शेवट, जेव्हा सगळ्यांना घरी जाऊन जेवायचंय.

प्रत्येकाने एक माणूस, एक वेळ उचलायची आणि मिनिटभर बोलायचं. तयारीला पाच मिनिटं, त्यापेक्षा जास्त दिलीत की ते परत निबंध लिहायला बसतात.

मग मजा बघा. ज्याला नळावरची मावशी आलीये तो पोरगा उभा राहतो, "मावशी, पाणी जपून..." म्हणतो आणि तिथेच अडखळतो, कारण त्याचं त्यालाच कळतं की हिच्याकडे वाया घालवायला पाणीच नाही, हिला हा उपदेश करणं म्हणजे जखमेवर मीठ. हिच्याशी बोलायचं असेल तर सांगायचं असं काही वेगळंच लागेल, नळाचा प्रेशर कमी झाल्याची तक्रार कुठे करायची, बरोबर कोणाला घ्यायचं. म्हणजे ऐकणारा बदलला की नुसते शब्द बदलत नाहीत, सांगायची गोष्टच बदलते. हे मी फळ्यावर लिहून कितीही समजावलं असतं तरी डोक्यात गेलं नसतं, त्या अडखळण्यातून जातं. म्हणून पोरगा अडखळला की लगेच मदत करू नका, थोडं ताटकळू द्या.

ऑगस्ट आलेल्यांची वेगळी पंचाईत. बाहेर धो धो कोसळतंय, तलाव भरलेत, आणि हा सांगतोय पाणी वाचवा, कोण ऐकणार? टंचाईचा मुद्दा गेला. मग एखादी हुशार पोरगी म्हणते की टाकी भरून वाहत राहिली तर पंप फुकटचा चालतो आणि त्याचं लाईट बिल सगळ्यांच्या मेन्टेनन्समधून जातं. बरोब्बर! सेक्रेटरी काकांना तलावाची टक्केवारी सांगण्यापेक्षा हे शंभरपटीने लागतं.

वेळ म्हणजे नुसतं घड्याळ नाही

वेळ हा भाग मी सगळ्यात जास्त घोटून घेते, कारण आपल्याकडे वेळ म्हणजे "पाच मिनिटं झाली की घंटा" एवढंच पोरांना माहीत असतं. वरातीमागून घोडं ही म्हण सगळ्यांना येते पण आपल्या भाषणाला ती लागू होते हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

इथे एक उदाहरण वर्गात खूप चालतं. २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीत डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, संविधान स्वीकारलं जाणार होतं, म्हणजे एवढ्या मोठ्या कामाचा शेवट, सगळं वातावरण कौतुकाचं. पोरांना विचारा, तुम्ही असता तर काय बोलला असता? सगळे म्हणतात अभिनंदन, आभार. आणि बाबासाहेबांनी आभार मानले, मानले नाहीत असं नाही, पण त्याच भाषणात त्यांनी बजावलं की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता राहील. ऐन आनंदाच्या वेळी इशारा. हेच तीन वर्षं आधी बोलले असते तर चर्चेतला आणखी एक मुद्दा झाला असता, तीन वर्षांनी बोलले असते तर "मी म्हणत होतो ना" छाप झालं असतं. त्या दिवशी बोलले म्हणून आजही शाळेत वाचलं जातं. (मोठ्या वर्गाला त्या भाषणातला हा उतारा वाचून दाखवा, अनुवाद सहज मिळतो.)

दुसरं उदाहरण आपल्या हायकोर्टातलं. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबईत चालला, केसरीतल्या मराठी अग्रलेखांवरून, आणि ज्युरीत नऊ जण, त्यातले सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, कित्येक दिवस, तासन् तास, इंग्रजीत, कायद्याचा कीस काढत. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. २२ जुलैची रात्र. शिक्षेआधी काही बोलायचंय का विचारल्यावर ते जेमतेम दोन-तीन वाक्यं बोलले, की ज्युरी काहीही म्हणो मी निर्दोष आहे, या कोर्टापेक्षा वरची शक्ती आहे आणि कदाचित मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानेच हे कार्य जास्त पुढे जावं अशी तिची इच्छा असेल. आज हायकोर्टात भिंतीवर कोरलंय ते हेच, तासन् तासांचा युक्तिवाद नाही.

हे सांगून झालं की वर्गाला फक्त एवढंच विचारायचं: ती शेवटची वाक्यं टिळक कोणाला उद्देशून बोलत होते? जजला? ज्युरीला? ज्युरीचं काम तर संपलं होतं. थोडा गोंधळ होतो आणि मग मागून कोणीतरी म्हणतं, "बाई, बाहेरच्यांना." हो, बाहेरच्यांना. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. वेळ बदलली तसा त्याच खोलीतला श्रोता बदलला, हे ज्या दिवशी पोरांना कळतं त्या दिवशी अर्धं काम झालं समजा.

घड्याळाच्या वेळेचा सराव मात्र खालच्या पातळीवर येऊनच करायचा, थोर माणसं नकोत. ज्यांच्या घरात कोणी गिरणीत होतं त्यांना आजोबांकडून गेट मीटिंगबद्दल विचारून यायला सांगा. पाळी सुटायच्या वेळेला युनियनचा माणूस गेटवर उभा राहायचा, एक पाळी दमून घरी निघालीये, दुसरीला आत जायची घाई, तेवढ्या वेळात जे सांगायचं ते. आता गिरण्या गेल्या, पण लोकल आहे. लेडीज डब्यात क्लिपा आणि टिकल्या विकणारी बाई नीट ऐकायला लावा. दोन स्टेशनांमधल्या वेळात ती कोणाला ताई म्हणते कोणाला मावशी, कोणाशी हिंदी कोणाशी मराठी, भाव आधी सांगते की वस्तू आधी हातात देते, गर्दीच्या वेळी काय ओरडते आणि दुपारी रिकाम्या डब्यात कशी गप्पा मारत विकते. पोरींना सांगते मी, नुसतं बघा आणि वहीत लिहा, फोनवर शूट करू नका, तिच्या धंद्याचा प्रश्न आहे. ह्या वह्या वाचायला मला फार आवडतात.

मग तेच पाण्याचं भाषण घ्या आणि पाच मिनिटांचं दीड मिनिटात, मग वीस सेकंदात करायला लावा. वीस सेकंदात काय उरतं ते बघायचं. बऱ्याच जणांचं काहीच उरत नाही, कारण पाच मिनिटांतपण काही नव्हतं.

आणि कधी गप्प बसायचं हेही वेळेतच येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते, त्या संध्याकाळी नालेसफाईवर भाषण कोणाला हवं होतं? त्या संध्याकाळी "इथे थांबा, वरच्या मजल्यावर जागा आहे, चहा आहे" एवढंच बोलणं कामाचं. नालेसफाईचा जाब नंतर, आणि जोरात. ॲरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार पाडले होते आणि प्रत्येकाला एक काळ जोडला होता: कोर्टातलं बोलणं झालेल्या गोष्टीबद्दल, गौरव किंवा निंदा आत्ताबद्दल, आणि सभेतलं बोलणं पुढे काय करायचं त्याबद्दल. ह्याचा वर्गात सोपा उपयोग होतो. भाषणातली क्रियापदं तीन रंगांनी रंगवायला सांगा, "केलं", "आहे" आणि "करूया". सगळा कागद एकाच रंगाचा झाला की पोरांना आपसूक कळतं, अरे मी नुसता रडतोय. सोसायटीच्या मीटिंगा रात्री अकरापर्यंत का चालतात त्याचंही उत्तर त्यात आहे, सगळे "कोणी केलं" मध्येच अडकलेले असतात.

समोर कोण आहे

"श्रोत्यांचा विचार करा" असं सांगून काही होत नाही, पोरं मान हलवतात आणि विसरतात. त्यापेक्षा तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. ह्या माणसाला ह्यातलं आधीच काय माहितीये? हो म्हटलं तर त्याचं काय जातं? आणि मी सांगतोय ते करणं त्याच्या हातात आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे नेमका तोच विसरतात. वॉचमनला पार्किंगच्या नियमावर भाषण देणारे मोठेसुद्धा आपण बघतोच.

८ ऑगस्ट १९४२ चं गांधीजींचं गोवालिया टँकवरचं भाषण ह्यासाठी घ्या. आधी हिंदीत बोलले, मग इंग्रजीत. आपण सगळे "करा किंवा मरा" एवढंच लक्षात ठेवतो, पण त्या भाषणात त्यांनी पत्रकार, संस्थानिक, सरकारी नोकर, सैनिक, विद्यार्थी अशा एकेकाला वेगळं सांगितलं होतं की तुम्ही नक्की काय करायचं. सरकारी नोकराला लगेच राजीनामा द्या असं नाही म्हटलं, उघडपणे सांगा की मी काँग्रेसच्या बाजूचा आहे. सैनिकाला सांगितलं आपल्याच लोकांवर गोळी चालवायला नकार द्या. ज्याला जेवढं करता येण्यासारखं तेवढं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसकट बडे नेते अटकेत गेले, सांगायला वर कोणी उरलं नाही. अशा वेळी लोकांच्या तोंडात राहील असा तीन शब्दांचा मंत्र किती उपयोगी पडला असेल बघा. लांबलचक ठराव कोणाला पाठ होतो? ग्रँट रोडला उतरून ऑगस्ट क्रांती मैदानात पोरांना नेता आलं तर न्या, तिथे उभं राहून एवढ्या गर्दीत आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा गेला असेल हा प्रश्न आपोआप निघतो.

एक ऑगस्टला शाळेत भाषणं असतातच, टिळकांची पुण्यतिथी आणि शाहीर अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. १ ऑगस्ट १९२०, एकच दिवस, टिळक मुंबईत सरदारगृहात गेले आणि वाटेगावला अण्णाभाऊ जन्मले. दोघांवर वेगवेगळी तीच तीच भाषणं करून घेण्यापेक्षा दोघं श्रोत्यांशी कसे बोलायचे ते शेजारी ठेवा. अण्णाभाऊंची "माझी मैना" ही छक्कड (लावणीच्या वळणाचं गाणं) संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. ती सुरू कशी होते? मुंबईला पोटासाठी आलेला माणूस आणि गावाकडे राहिलेली त्याची बायको. गिरणगावात समोर बसलेल्या कितीतरी गड्यांची हीच कथा, बायको कोकणात नाहीतर घाटावर. एकदा त्यांचा जीव त्यात अडकला की मग शाहीर त्या ताटातुटीवरून बेळगाव-कारवारच्या ताटातुटीवर येतो, आणि तोपर्यंत माणूस पुरता आपला झालेला असतो. राजकारण आधी आणि मैना नंतर असं केलं असतं तर? हा प्रश्न वर्गात टाका आणि तुम्ही गप्प बसा.

भाषा

इथे मराठीच्या बाईंनी काय सांगावं असं लोकांना वाटतं ते मी सांगत नाही. शुद्ध बोला, इंग्रजी शब्द नको, बंबैया नको, असं म्हटलं की अर्धा वर्ग तोंड मिटून घेतो. आपल्या पोरांच्या घरी मालवणी, आगरी, कोणाच्या घरी वऱ्हाडी, खाली उतरलं की हिंदी, क्लासला इंग्रजी. ही श्रीमंती आहे, ती वापरायला शिकवा. गाडी धुणाऱ्या भावाशी प्रमाण मराठीत बोलणारा पोरगा शुद्ध बोलतो पण पोचत नाही. आणि वॉर्ड ऑफिसच्या साहेबाला "सर जरा बघा ना यार" म्हणून चालत नाही. टिळक-आगरकर मंडळींनी १८८१ मध्ये केसरी मराठीत आणि मराठा इंग्रजीत काढला (हा अत्र्यांचा मराठा नव्हे, तो पुष्कळ नंतरचा), एक आपल्या माणसांसाठी, एक राज्यकर्त्यांना ऐकू जावं म्हणून. बाबासाहेबांनी १९२० मध्ये मूकनायक मराठीत काढला आणि घटना समितीत इंग्रजीत बोलले. भाषा कुठली थोर हा वादच नाही, ऐकणारा कुठे बसलाय ते बघायचं.

बारीक काम मात्र करून घ्या. मराठीत "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत, पहिल्यात समोरचा बाहेर, दुसऱ्यात समोरचा आत. "आम्ही कचरा उचलायचं ठरवलंय" आणि "आपण कचरा उचलायचं ठरवलंय", ऐकणाऱ्याच्या पोटात वेगवेगळं होतं. भाषणात "आम्ही" वरून "आपण" वर कुठे यायचं ते पेन्सिलीने खूण करायला लावा. फार लवकर आलात तर लोक म्हणतात तू कोण आम्हाला आपण म्हणणारा. दुसरं, "करा", "करावे", "करूया", "कराल ना?" एकच वाक्य चारही प्रकारे म्हणून घ्या आणि कुठलं कोणाला ते ठरवा. तिसरं, "निर्णय घेण्यात आला आहे" ह्या वाक्यात निर्णय कोणी घेतला? कोणीच नाही! नोटीस बोर्डावरच्या नोटिसा घ्या आणि करणारा शोधायला लावा. ह्या तासाला पोरं खूप हसतात आणि घरी जाऊन बाबांनापण शोधायला लावतात.

उलट्या बाजूने पण शिकवा

हीच तीन हत्यारं फसवणारे वापरतात आणि आपल्यापेक्षा सफाईने. तो मेसेज आठवतो ना, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही म्हणून आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब ह्या नंबरवर फोन करा. वर्गात तो फळ्यावर लिहा आणि तेच प्रश्न विचारा. संध्याकाळीच का येतो? कारण ऑफिस बंद, खात्री कुठे करणार, आणि मुंबईच्या उकाड्यात रात्री पंखा बंद ह्या विचारानेच घाम फुटतो. कोणासाठी? घरात एकटे असलेले आजी-आजोबा. भाषा कशी? मोडकी इंग्रजी, पण सरकारी थाटाची, "ऑफिसर" शब्द असलेली. मग पोरांना घरी जाऊन आजीला हे समजावायचा होमवर्क द्या, आणि लक्षात आणून द्या की हे पण भाषणच आहे, श्रोता ठरलेला, भाषा आजीची, फक्त वेळ तुम्ही निवडायची. मालिका चालू असताना नको.

मार्क कसे द्यायचे

हातवारे, आवाज, पाठांतर ह्याला मी मार्क ठेवत नाही. बोलून झालं की ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, "मला काय करायला सांगितलं?" चिठ्ठ्या गोळा करून बोलणाऱ्याच्याच हातात द्या, त्याने मोठ्याने वाचायच्या. तीस चिठ्ठ्यांत दहा वेगळी उत्तरं आली तर मला वेगळं काही बोलावं लागत नाही. तीच माणसं, तोच विषय घेऊन दोन-चार दिवसांनी परत बोलायची संधी नक्की द्या, आणि मार्क दुसऱ्या वेळचे धरा.

ज्यांना उभं राहून बोलायची भीती वाटते त्यांना ढकलू नका, ते बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं ऐकणारे असतात. त्यांना दुसऱ्याचं भाषण दुसऱ्या श्रोत्यासाठी बदलून लिहायला द्या, किंवा लोकलमधल्या वहीला पूर्ण मार्क द्या. आणि स्पर्धेला पाठवायची वेळ आलीच, जी येतेच, तर आयोजकांना आधी फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या, आपला नंबर कितवा आणि जेवणाची सुट्टी कधी. सुट्टीच्या तोंडावर नंबर असेल तर भाषणातला एक परिच्छेद घरीच काढून ठेवायला सांगा.